चौथे वर्ष आणि दारचे अर्थशास्त्र

राहुरीच्या आठवडे बाजारात शेतकऱ्याला कांद्याचा भाव विचारला तर तो चटकन सांगतो; कांदा पिकवायला खर्च किती आला हे विचारले की मात्र तो थबकतो. बियाणे, खते, मजुरी यांचे आकडे त्याच्या तोंडी असतात. घरच्या माणसांनी उपसलेल्या कष्टांचे काय, स्वतःच्या जमिनीचा खंड धरायचा की नाही, विहिरीत अडकलेल्या पैशावर व्याज लावायचे की नाही, हे प्रश्न त्याला कोणी विचारलेले नसतात. अर्थशास्त्राच्या पदवीधरालाही ते पुष्कळदा कोणी विचारलेले नसतात, ही अधिक खेदाची बाब होय.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यासक्रम आता तीन किंवा चार वर्षांचा झाला आहे. तीन वर्षांत १२० श्रेयांक मिळवून बाहेर पडता येते; चार वर्षांत १६० श्रेयांक पुरे केल्यास ‘ऑनर्स’ पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प घेऊन ‘संशोधनासह ऑनर्स’ करता येते. पुढे एम. ए. एकाच वर्षात होते, म्हणजे एकूण वर्षे पूर्वीइतकीच, पाच. कागदावर हा हिशेब बिनचूक आहे.

घरातला हिशेब निराळा असतो. स्पर्धा परीक्षेला तीन वर्षांची पदवी पुरते. मग चौथे वर्ष कशासाठी, असे वडिलांनी विचारले तर मुलाजवळ उत्तर नसते; मुलीच्या बाबतीत तर त्या वर्षाची गाठ लग्नाच्या बोलण्यांशी पडते. फी आणि पुस्तके यांपेक्षा मोठा खर्च असतो तो त्या वर्षात न मिळालेल्या कमाईचा. पाठ्यपुस्तके यालाच संधी खर्च म्हणतात. व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण स्वतःच तिचे उदाहरण आहोत, हे क्वचितच सांगितले जाते. त्यातून संशोधनाची सोय जर पुण्या-नगरच्या मोठ्या महाविद्यालयांतच झाली, तर खोलीचे भाडे आणि खाणावळ यांची भर पडणार.

वस्तुतः अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी राहुरीहून लांब जाण्याचे कारण नाही. राहुरीच्या परिसरातूनच या शास्त्राने महाराष्ट्रात मोठे पाऊल टाकले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या भागाची शेती पालटली. त्या पालटाचा हिशेब धनंजयराव गाडगीळ यांनी मांडला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. सरकारी तिजोरीत पाणीपट्टी किती जमा झाली एवढ्यावर कालव्याची किंमत ठरत नाही, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच झाले. अर्थशास्त्रज्ञ कारखान्याचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट आज दंतकथेसारखी वाटावी!

आणि आजचे काय? १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीलाच आहे. प्रमुख पिकांच्या उत्पादन खर्चाच्या केंद्रीय योजनेचे महाराष्ट्रातील काम हेच विद्यापीठ पाहते. निवडलेल्या गावांच्या समूहात क्षेत्र कर्मचारी राहतो. जमिनीच्या पाच आकारवर्गांतून प्रत्येकी दोन शेतकरी निवडून त्यांच्या रोजच्या खर्चाची नोंद ठेवतो. याच आकड्यांवरून दिल्लीत हमीभावाची शिफारस होते.

त्या नोंदींतच खरा वाद दडलेला आहे. प्रत्यक्ष झालेला खर्च आणि घरच्यांच्या श्रमाचे मूल्य यांची बेरीज एक; तीत स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरील व्याज मिळविले की होणारी बेरीज दुसरी. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर ५० टक्के अधिक भाव सुचविला. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर झाला, तेव्हा आधार पहिल्या बेरजेचा धरला गेला. शेतकरी संघटना दुसरी मागतात. कोणती बरोबर, यावर मतभेद असू शकतात. पण न दिलेल्या खंडाला खर्च का म्हणावे, हे ज्याला उमगले त्याला संधी खर्च पुस्तकात शोधावा लागत नाही. बाजारातल्या त्या कांद्याला तर हमीभावच नाही, मग त्याचा खर्च कोण मोजणार?

यासाठी खर्चिक प्रयोगशाळा लागत नाही. बारागाव नांदूरला २६ अब्ज घनफुटांचे मुळा धरण आहे. कालव्याच्या शेपटाशी असलेल्या एखाद्या गावातील वीस शेतकऱ्यांच्या वह्या वर्षभर नीट लिहिल्या, तरी पदवीच्या प्रकल्पाला पुरेशी सामग्री जमेल. पेपर मराठीतून लिहिता येतात. प्रकल्पही मराठीत झाला तर ज्यांचे आकडे घेतले त्यांना तो वाचता येईल. अडचण आहे ती कारभाराची. कृषी विद्यापीठ एका खात्याकडे, कला महाविद्यालये दुसऱ्याकडे. दोन्ही एकाच तालुक्यात असली तरी त्यांच्या फायली मुंबईत वेगवेगळ्या मजल्यांवर फिरतात. अशा करारासाठी प्राचार्यांनी पत्र लिहायचे की कुलगुरूंनी, येथेच गाडे अडते.

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले. त्या वर्षी प्रथम वर्ष कला शाखेत दाखल झालेली मुले २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाच्या दाराशी येतात. तोपर्यंत ते पत्र लिहिले गेले पाहिजे.