शंकेची पाल का चुकचुकते?

लंडनच्या भुयारी रेल्वेचा डबा. कुणी पेपर वाचतंय, कुणी नुसतंच इकडेतिकडे बघतंय. आपण नजर टाकली की एखादा आपल्याकडे बघतो, एखादा किंचित हसतो. दोन स्थानकांमधला हा प्रवास जेमतेम चार मिनिटांचा. उतरल्यावर कुणाला ते हसू स्नेहाचं वाटतं, तर कुणाला त्याच हसण्यात कुचेष्टा दिसते.

हा डबा आणि त्यातले प्रवासी संगणकाने घडवलेले होते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 200 सर्वसामान्य माणसांना आभासी वास्तवाचं उपकरण डोळ्यांवर चढवून त्यात बसवलं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाची खुबी त्याच्या मांडणीत आहे. ‘लोक माझ्या वाईटावर आहेत’ असं कुणी म्हणालं, तर त्यात तथ्य किती आणि मनाचा खेळ किती, हे खऱ्या आयुष्यात ठरवणं अवघड असतं. इथले प्रवासी मात्र कुणाचं बरंवाईट चिंतूच शकत नव्हते. त्यामुळे जो संशय आला, तो पाहणाऱ्याच्याच मनातून आला. बहुतेकांना प्रवासी साधे किंवा स्नेहशील वाटले. तरी सुमारे 40 टक्के लोकांच्या मनात एकदा तरी शंकेची पाल चुकचुकली.

म्हणजे संशय ही मूठभर मनोरुग्णांची मिरास नाही. तो रक्तदाबासारखा आहे. तो प्रत्येकातच असतो. मर्यादेबाहेर चढला आणि उतरेनासा झाला की त्याचा आजार होतो. मग तो चढतो कशाने?

पहिलं कारण चिंता. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण या संशोधनाला चपखल लागू पडते. सतत काळजी करणाऱ्यांना आणि स्वतःला कमी लेखणाऱ्यांना त्या डब्यात जास्त संशय आला. काळजी करणारं मन घडून गेलेल्या साध्या गोष्टीतूनही सर्वांत वाईट शक्यता उकरून काढतं आणि रात्रभर तिचंच रवंथ करतं. दुसरं कारण त्या रात्रीशीच जोडलेलं आहे, ते म्हणजे अपुरी झोप. ब्रिटनमधल्या 26 विद्यापीठांतल्या 3755 निद्रानाशग्रस्त विद्यार्थ्यांवरचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींना निद्रानाशावरचे मानसोपचार ऑनलाइन दिले गेले. त्यांची झोप सुधारली, तसा संशयही कमी झाला. उपचार झोपेवर होते, संशयावर नव्हे. म्हणून हा निष्कर्ष मोलाचा.

तिसरं कारण म्हणजे घाईने निष्कर्ष काढण्याची सवय. समजा दोन बरण्या आहेत. एकीत 85 मणी एका रंगाचे आणि 15 दुसऱ्या रंगाचे. दुसरीत नेमकं उलट. एकेक मणी काढून दाखवायचा आणि समोरच्याने बरणी ओळखायची. हवे तितके मणी मागायची मुभा असूनही भ्रम असलेले अनेक रुग्ण एकदोन मण्यांतच उत्तर ठरवून मोकळे होतात. रस्त्यावर कुजबुजणारे दोघे दिसले की ‘माझ्याबद्दलच बोलताहेत’ असं वाटणं, हे त्याच घाईचं रूप.

पण सगळा दोष मनाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. फ्रीमन यांच्याच गटाने 60 महिलांना तसाच आभासी प्रवास दोनदा घडवला. दुसरं काहीही न बदलता एका खेपेला त्यांची उंची डोकंभर कमी केली. त्या खेपेला त्यांना आपण कमी प्रतीच्या आहोत असं वाटलं आणि सहप्रवाशांविषयीचा अविश्वास वाढला. आभासी उंचीतला फरक एवढं करू शकतो, तर खऱ्या समाजात ज्याला रोज खाली बघायला लावलं जातं, त्याचं काय होत असेल?

जॉन मिरोव्स्की आणि कॅथरिन रॉस या समाजशास्त्रज्ञांनी 1983 साली याचंच उत्तर शोधलं. अमेरिकेतलं एल पासो आणि सीमेपलीकडचं मेक्सिकोतलं हुआरेझ इथल्या रहिवाशांच्या मुलाखतींमधून त्यांना एक साखळी दिसली. आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हाती नाहीत, या जाणिवेतून अविश्वास उपजतो आणि अविश्वासातून संशयी विचार. हातात पैसा, पद, शिक्षण नसलेला माणूस एकदा फसला तर त्याला सावरायला काहीच नसतं. म्हणून तो आधीच सावध होतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसं.

नेदरलँड्समध्ये चार हजारांवर लोकांचा तीन वर्षं मागोवा घेतला गेला. सुरुवातीला यांपैकी कुणालाही भ्रम नव्हते. वर्ण, लिंग, वय, रूप, अपंगत्व अशा कशावरूनही भेदभाव न सोसलेल्यांत पुढे हजारी सुमारे 5 जणांमध्ये भ्रमात्मक विचार दिसले. एका कारणावरून सोसलेल्यांत 9, आणि एकाहून अधिक कारणांवरून सोसलेल्यांत 27. आपल्याकडे आडनाव ऐकून भाड्याचं घर नाकारणाऱ्यांनी हे आकडे जरूर वाचावेत. तो नकार घर न मिळण्यापाशी संपत नाही. ‘जग आपल्या विरोधात आहे’ या समजुतीला तो पुरावा पुरवतो.

म्हणूनच संशयी माणसाला मी दुष्ट किंवा आडमुठा म्हणणार नाही. तो घाबरलेला असतो. आणि घाबरलेल्याला युक्तिवादाने नव्हे, सुरक्षित वाटल्याने बरं वाटतं. याच सूत्रावर फ्रीमन यांनी एक उपचारपद्धती बेतली. झोप, चिंता, आत्मविश्वास यांवर एकेक करून काम करायचं. मग थेरपिस्टच्या सोबतीने भीती वाटते त्या दुकानात, बसमध्ये जाऊन ‘इथे धोका नाही’ हे स्वतः अनुभवायचं. छळाचा भ्रम न हटणाऱ्या 130 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2021 साली आले. ही उपचारपद्धती मिळालेल्यांपैकी जवळपास निम्मे त्या भ्रमाच्या पकडीतून सुटले.

घरात कुणी ‘माझ्यावर पाळत आहे’ म्हणू लागलं, तर वाद घालू नये आणि होला होही करू नये. ‘तुला भीती वाटतेय, ते दिसतंय मला’ इतकं म्हणावं. हा संशय टिकून राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठावं. सरकारची ‘टेलि-मानस’ ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा अहोरात्र उपलब्ध आहे. पण त्याच्याही आधी, ‘रात्री झोप लागते का रे?’ एवढं तरी आपल्यातला कुणीही विचारू शकतो.