शाळा सुटली, भीती सुटली नाही

लहानपणी झालेला अत्याचार मोठेपणी आपोआप विसरला जातो, असा समज आपल्या घराघरांत आहे. आयर्लंडचा अनुभव वेगळेच सांगतो.

तेथे गरीब, निराधार मुलांना ‘औद्योगिक शाळां’त ठेवत. पैसा सरकारचा, कारभार कॅथलिक धर्मसंघांचा. तेथील मारझोड व लैंगिक अत्याचार कित्येक वर्षे दडपले गेले. १९९९ साली पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी शासनाच्या वतीने माफी मागितली. चौकशी आयोगाचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. आयोगाच्या गोपनीय समितीपुढे १,०९० स्त्री-पुरुषांनी आपली कहाणी सांगितली. शाळा सोडून त्यांना अनेक वर्षे लोटली होती. तरीही कुणाला झोप नव्हती, कुणी दारूत बुडाले होते, कुणाला नैराश्याने ग्रासले होते. काहींना स्वतःच्या मुलांना मायेने जवळ घेणेही जमत नव्हते.

असे का होते? ज्याला सारे गाव पूज्य मानते, त्याच्याविरुद्ध मूल कोणाकडे जाणार? मग ते स्वतःलाच दोषी धरते आणि तीच लाज जन्मभर वागवते.

माता-पित्यांनो, मूल एखाद्या ठिकाणी जायला घाबरत असेल, तर दटावू नका, शांतपणे विचारा. आणि एखाद्या प्रौढाने जुनी जखम उघडी केली, तर “इतकी वर्षे गप्प का?” असे म्हणू नका. आधी विश्वास ठेवा, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. दोष त्याचा नव्हता, हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवे.