अल्प खर्चात शुद्ध लेखन

व्यापारी कुटुंबाचा लेखनाशी संबंध जमाखर्चापुरताच असतो, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात अशा घरातून वर्षभरात बाहेर पडणारा मजकूर एकत्र केला, तर त्याचे एक लहानसे पुस्तक होईल. दरपत्रके, वसुलीची स्मरणपत्रे, बँकेला द्यावयाचे अर्ज, संस्थेचा वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, स्मरणिकेतील लेख, दिवंगत वडीलधाऱ्यांवरील श्रद्धांजली हे सारे घरातीलच कोणीतरी लिहीत असते. पूर्वी यातील बराचसा मजकूर छापखान्यातून जात असे आणि तेथे मुद्रितशोधक बसलेला असे. तो चुका हेरून समासात खुणा करी. आज मजकूर मोबाइलवर लिहिला जातो आणि त्याच क्षणी शेकडो जणांपर्यंत पोहोचतो. हा मधला वाचक आता उरला नाही. त्याची उणीव थोडक्या खर्चात कशी भरून काढावी, हा प्रश्न म्हणूनच घरोघरचा झाला आहे.

एका अक्षराची किंमत

बिनचूक लेखन ही केवळ शोभेची बाब नव्हे. २००९ साली ब्रिटनमधील कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘कंपनीज हाउस’ या सरकारी कार्यालयाला ‘टेलर अँड सन लिमिटेड’ या कंपनीच्या समापनाच्या आदेशाची नोंद करावयाची होती. ती नोंद चुकून कार्डिफ येथील ‘टेलर अँड सन्स लिमिटेड’ या भिन्न कंपनीच्या नावे झाली. चूक काही दिवसांत दुरुस्त करण्यात आली. परंतु तोवर ही कंपनी बुडाल्याची वार्ता बाजारात पसरली होती. पुरवठादारांनी उधारी थांबविली आणि एक जुनी पेढी सुमारे दोन महिन्यांत प्रशासकाच्या हाती गेली. २०१५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने या हानीबद्दल त्या कार्यालयाला जबाबदार ठरविले.

बाजारात पत कशी उभी राहते आणि कशी ढासळते, हे व्यापाऱ्यांना सांगावयास नको. या प्रकरणात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट अशी की, ‘सन’ आणि ‘सन्स’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत बिनचूक आहेत. कोणत्याही तपासणी-यंत्रणेने त्यांच्याखाली लाल रेघ ओढली नसती. मराठी पत्रव्यवहारातही ‘येणे’ आणि ‘देणे’ यांत अंतर एकाच अक्षराचे आहे. पण त्या अक्षराने धनको ऋणको होतो. साधन कोणतेही घ्यावे, त्याची ही मर्यादा आधी ओळखून घ्यावी.

इंग्रजी लेखनासाठी

इंग्रजी पत्रव्यवहारासाठी नवीन खर्च करण्यापूर्वी हाताशी काय आहे ते पाहावे. बहुतेक दुकानांच्या व कार्यालयांच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट वर्ड असतेच आणि त्यात शब्द व व्याकरण तपासण्याची सोय असते. अनेकदा ती केवळ बंद ठेवलेली असते. गूगल डॉक्समध्येही अशी सोय विनामूल्य मिळते. २००९ साली सुरू झालेल्या ग्रामर्लीच्या विनामूल्य आवृत्तीत अक्षरांच्या आणि व्याकरणाच्या ठळक चुका दाखविल्या जातात. सशुल्क आवृत्तीत वाक्ये नव्याने मांडणे, भाषेचा सूर बदलणे असे अधिक साहाय्य असते. २००३ साली जर्मनीत एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आकाराला आलेले लँग्वेजटूल हे आणखी एक साधन आहे. त्याचा मूळ गाभा मुक्त स्रोताचा असल्याने जाणकाराच्या मदतीने ते स्वतःच्या संगणकावर बसविता येते. तसे केल्यास मजकूर बाहेर पाठवावा लागत नाही.

वर्गणी भरण्याचा निर्णय एक महिना लांबणीवर टाकणे शहाणपणाचे. त्या महिन्यात विनामूल्य साधनाने कोणत्या चुका पकडल्या आणि कोणत्या सुटल्या, यांची टिपणे ठेवावीत. सुटलेल्या चुका सशुल्क आवृत्तीने पकडल्या असत्या, असे दिसले तरच पैसे मोजावेत. वार्षिक वर्गणी महिन्याच्या हिशेबाने स्वस्त भासते. पण वर्षातून चार पत्रे लिहिणाऱ्याला ती महागच पडते. शिवाय अशी वर्गणी मुदत संपताच आपोआप पुन्हा आकारली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या अशा वसुलीची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी द्यावी लागते. तो संदेश न वाचता पुसून टाकू नये.

मराठीची निराळी वाट

मराठीत चित्र वेगळे आहे. इंग्रजीच्या तोडीची व्याकरण-तपासणी मराठीला अद्याप लाभलेली नाही आणि त्याचे एक कारण भाषेच्या घडणीतच आहे. ‘दुकान’ या एका शब्दापासून दुकानात, दुकानाचा, दुकानातल्या, दुकानांसमोरच्या, दुकानदारांनीसुद्धा अशी रूपे निघत जातात. ती सारी यादीत भरणे अवघड असते. म्हणून ‘हनस्पेल’सारख्या प्रणालीत मूळ शब्दांची एक यादी आणि त्यांना लागणाऱ्या प्रत्ययांच्या नियमांची दुसरी यादी ठेवलेली असते. लिब्रेऑफिस हे विनामूल्य लेखन-साधन आणि फायरफॉक्स यांत याच प्रणालीवर चालणारी मराठी शब्दतपासणी विनाखर्च जोडता येते.

येथे दोन व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली गोष्ट, मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हेच असतात. त्यामुळे अशी तपासणी तेथे निरुपयोगी ठरते. पत्रिका वा स्मरणिका करून घेताना अक्षरजुळणी करणाऱ्याकडे युनिकोडचा आग्रह धरावा. दुसरी गोष्ट, गावांची नावे, आडनावे आणि ‘मिच्छामि दुक्कडं’सारखे प्राकृत शब्द यंत्राला बहुधा अनोळखी असतात व ते त्यांना चूक ठरविते. असे शब्द एकदा खात्री करून स्वतःच्या शब्दसूचीत घालावेत, म्हणजे दर वेळी तोच अडथळा येत नाही.

तरीही ‘दहा पेट्या पाठविले’ या वाक्यातील तिन्ही शब्द सुटे पाहिले, तर निर्दोष आहेत. दोष लिंगाच्या मेळात आहे आणि तो शब्दसूचीला दिसत नाही. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. कापडाच्या पेढीला हा फरक यंत्र समजावून देत नाही. तो जाणण्यासाठी नियमांची थोडी ओळख हवी.

एकदाच करावयाचा खर्च

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक १४ नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम आठवडाभरात वाचून होतात. त्यांतील एकच नियम व्यापारी लेखनातील किती चुका टाळतो, हे पाहण्याजोगे आहे. वसूल, मंजूर, मजूर, गरीब या शब्दांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते. परंतु शेवटचे अक्षर दीर्घ झाले की तेच वसुली, मंजुरी, मजुरी, गरिबी असे ऱ्हस्व होते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले पूजा, परीक्षा हे शब्द या नियमाला अपवाद आहेत. तसेच मुनी, शांती, भक्ती हे शब्द स्वतंत्र असताना दीर्घान्त लिहावयाचे. समासात पहिल्या पदी आले की मुनिदर्शन, शांतिनाथ, भक्तिभाव असे ऱ्हस्व लिहावयाचे. निमंत्रणपत्रिकांतील कितीतरी चुका एवढ्या ज्ञानाने दूर होतील.

मो. रा. वाळंबे यांचे ‘मराठी शुद्धलेखन प्रदीप’, अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ किंवा यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ यांपैकी एक ग्रंथ घरात असावा. त्याला वर्गणी नाही, मुदत नाही आणि तो पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडतो. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ विनामूल्य पाहता येतात. मात्र मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे. तिचा उपयोग अर्थासाठी करावा. ऱ्हस्व-दीर्घासाठी आजचाच कोश प्रमाण मानावा.

गोपनीयता आणि अखेरची नजर

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संभाषण-साधनांकडून मराठी मजकूर तपासून घेण्याचा प्रघात पडू लागला आहे. ही साधने वाक्याचा संदर्भ पाहतात, म्हणून लिंग-वचनाच्या चुकाही पुष्कळदा पकडतात. परंतु दुरुस्तीच्या ओघात ती लेखकाची शब्दकळा बदलतात आणि क्वचित नावे व आकडेही. म्हणून ‘केवळ शुद्धलेखन तपासावे, वाक्यरचना बदलू नये, केलेले बदल वेगळे दाखवावेत’ अशी स्पष्ट सूचना द्यावी आणि प्रत्येक बदल स्वतः पाहूनच स्वीकारावा. याहून महत्त्वाचे म्हणजे, इंटरनेटवरील साधनात घातलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर जातो. भागीदारीचा करार, ग्राहकांची यादी, खरेदीचे दर किंवा घरातील वाटणीचा मसुदा अशा ठिकाणी कदापि टाकू नये. असे कागद स्वतःच्या संगणकावरील साधनाने आणि घरातील माणसानेच तपासावेत.

छापखान्यातील एक जुनी रीत येथे कामी येते. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने नवी प्रत नजरेखाली घालावी; रक्कम, तारीख आणि नाव आले की थांबून पुन्हा वाचावे. करारासारखा मोलाचा कागद किंवा गौरवग्रंथ असेल, तर अनुभवी मुद्रितशोधकाला त्या कामापुरता मोबदला देणे वर्षभराच्या वर्गणीपेक्षा अधिक फलदायी ठरते.

याच्या जोडीला प्रत्येक घराने एक छोटी वही करावी. कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, पेढीचे नाव, मूळ गाव व पत्ता हे मराठीत आणि इंग्रजीत कसे लिहावयाचे, ते पॅन, आधार व बँकेच्या कागदांशी ताडून तीत एकदा नोंदवून ठेवावे. पुढे अर्ज असो वा पत्रिका, नाव त्या वहीतूनच उतरवून घ्यावे. टेलर अँड सन्सच्या बाबतीत झाली ती चूक परक्या कार्यालयातली होती आणि तिच्यावर त्या पेढीचे नियंत्रण नव्हते. आपल्या हातून आपलेच नाव चुकू न देणे मात्र प्रत्येकाला साधण्याजोगे आहे, आणि त्याला खर्च येतो तो एका वहीचा.