रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी

रिसोड तालुक्यातील केनवड व आसपासच्या गावी सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवरील फवारणीसाठी बॅटरीवर चालणारे पाठीवरचे पंप आता सर्रास वापरात आहेत. वीज असेल तेव्हा पंप, मोबाईल आणि मुलांचा लॅपटॉप अशी तिन्ही साधने रात्री चार्जिंगला लागतात व सकाळपर्यंत तशीच राहतात. यामुळे बॅटरी बिघडते काय, असे शेतकरी बंधू विचारतात. या प्रश्नाचे उत्तर तिन्हींस एकच नाही.

मोबाईल व लॅपटॉप यांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. तिच्या घटाचा दाब ठरावीक मर्यादेस, सामान्यतः ४.२ व्होल्टच्या सुमारास, पोहोचून बॅटरी भरली म्हणजे आतील नियंत्रक यंत्रणाच प्रवाह थांबविते. तेव्हा रात्रभरात तिच्यात प्रमाणाबाहेर वीज भरते, हा समज बरोबर नाही. मात्र काठोकाठ भरलेल्या स्थितीत दीर्घकाळ राहणे व त्यातच तापणे, यांमुळे तिची साठवणशक्ती लवकर घटते. लोक चार्जिंगचा जितका धसका घेतात, तितका उष्णतेचा घेत नाहीत. वैशाखात पत्र्याच्या घरात गादीवर ठेवून मोबाईल चार्ज करणे हेच अधिक घातक होय. बॅटरी फुगलेली दिसल्यास चार्जिंग तत्काळ बंद करावे.

फवारणी पंपाची गोष्ट निराळी आहे. पुष्कळ पंपांत १२ व्होल्टची, सहा घटांची, बंद शिसे-आम्ल बॅटरी असते आणि सोबतच्या स्वस्त चार्जरमध्ये प्रवाह आपोआप तोडण्याची सोय असतेच असे नाही. बॅटरी भरल्यावरही जास्त दाबाने प्रवाह चालू राहिला, तर आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू सुटतात. बंद बॅटरीत पाणी पुन्हा घालता येत नाही. ती आतून सुकते व कायमची निकामी होते. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्याने चुलीजवळ वा कडब्याच्या खोलीत चार्जिंग करू नये.

किती वेळ चार्ज करावे, याचा हिशेब सोपा आहे. १२ अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण उतरली असेल व चार्जर १.५ अँपिअरचा असेल, तर ८ तास आणि गळतीपोटी आणखी एक-दोन तास लागतात. फवारणी थोडीच झाली असल्यास वेळही त्या मानाने कमी करावा. बॅटरी हाताला गरम लागताच चार्जर काढावा.

काही नव्या पंपांत लिथियम बॅटरी येते. तीन घटांच्या अशा सामान्य बॅटरीची मर्यादा १२.६ व्होल्ट असते, तर शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर १४ व्होल्टच्याही वर जातो. तो लिथियमला जोडणे म्हणजे खराखुरा ओव्हरचार्ज. त्यातून आगही लागू शकते. शेजाऱ्याचा चार्जर मागून आणण्याची सवय येथे महागात पडते.

पौषात हरभऱ्याची फवारणी आटोपल्यावर पंप माळ्यावर जातो, तो आषाढात निघतो. शिसे-आम्ल बॅटरी उतरलेली ठेवल्यास तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो. म्हणून ती पूर्ण भरून ठेवावी व दर एक-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. लिथियम बॅटरी मात्र निम्मी भरलेली ठेवणे इष्ट.

निकामी बॅटरी विहिरीजवळ वा बांधावर फोडू नये. शिसे विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून अधिकृत संकलन करणाऱ्याकडे द्यावी. नवी बॅटरी घेताना दुकानदाराकडे त्याची चौकशी करावी.