वाऱ्याचे टपालहशील

परगावी असलेल्या मुलालेकींस सणावारी खाऊ धाडणे हा आपल्या घरोघरचा जुना परिपाठ आहे. त्यात खाऊपेक्षा आठवण अधिक, हे खरे. परंतु आठवण पोचविण्यासही हशील पडते, आणि ते कोणत्या हिशेबाने आकारले जाते याविषयी चांगल्या सुशिक्षित कुटुंबांतही अज्ञान आढळते. त्या अज्ञानाचा प्रसाद आम्हांस मिळाला असल्याने चार अनुभवाचे शब्द वाचकांपुढे ठेवीत आहो.

गतवर्षी दिवाळीत सफाळ्याहून बंगळूरास नातवंडांसाठी फराळ धाडावयाचा होता. चकल्या, कडबोळी, चिवडा व रव्याचे लाडू मिळून खोक्यासह भार भरला ३ किलो ४०० ग्रॅम. खोके मात्र घरात पडून असलेले, कोणत्याशा यंत्राचे होते. लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी ३० व उंची ३०. उरल्या जागेत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून आम्ही निश्चिंत झालो. पार्सल घेणाऱ्या गृहस्थांनी ते तराजूवर ठेविले, मग फीत काढून तिन्ही बाजू मापल्या आणि आकार सांगितला तो साडेसात किलोंचा! खोके तसेच घरी परत आले. "फराळाहून हशील भारी, पुढल्या वर्षापासून हे पाठविणे बंद," असा निकाल घरात लागला. नातवंडांच्या तोंडचा घास एका खोक्यापायी तुटावा, हे मात्र आमच्या मनास पटेना.

विचार करता कळून आले की, त्या गृहस्थांचे गणित बिनचूक होते. पार्सलाच्या तिन्ही मापांचा सेंटिमीटरांत गुणाकार करावा व त्यास ५००० ने भागावे. येईल तो आकडा किलोंतील 'घनफळी वजन' होय. प्रत्यक्ष वजन व हे वजन यांत जे अधिक, त्यावर हशील. स्पीड पोस्टाच्या पार्सलास व बहुतेक कुरियरवाल्यांकडे हाच भाजक आहे. विमान कंपन्यांच्या मालवाहतुकीत सामान्यतः ६००० धरतात. आमच्या खोक्याचे घनफळ ३६,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ७ किलो २०० ग्रॅम. आणि पुढे अर्ध्या अर्ध्या किलोचे टप्पे असल्याने साडेसात. जवळजवळ चार किलो आम्ही निव्वळ वारा धाडीत होतो.

हा नियम अन्यायाचा नव्हे. पहाटे सफाळ्याच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्या भाजीवाल्यांकडे पाहावे. भोपळ्यांची टोपली उचलताना कंबर मोडते, पण ती कोपऱ्यात मावते. मेथीचा भारा हलका, पण तो मालडब्याचे दार अडवितो. गाडी असो वा विमान, भार पेलण्याची शक्ती संपण्यापूर्वीच जागा संपू शकते. जो जागा अडवील त्याने तिचे मोल द्यावे, एवढाच यातील अर्थ.

टपालाच्या इतिहासात हिशेबाची ही पद्धत अनेकदा पालटली आहे. इंग्लंडात १८४० पूर्वी पत्राचे हशील कागदांची संख्या व अंतर यांवर असे. म्हणून लोक एकाच कागदावर आधी उभे व मग त्यावरच आडवे लिहीत. रोलंड हिल यांच्या सुधारणेने अंतराचा विचार सुटला व वजन तेवढे राहिले. हेच तत्त्व आपल्याकडे १८५४ साली आले आणि हलक्या पत्रास देशभर अर्धा आणा पुरू लागला. त्या समतेचा अवशेष अद्याप आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांत ५० ग्रॅमपर्यंतचे स्पीड पोस्टाचे पत्र स्थानिक हद्दीबाहेर देशात कोठेही ४७ रुपयांत जाते, कर निराळा. त्यापुढे वजनाबरोबर अंतरही मोजले जाते. पुस्तकांसाठी १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सवलतीची सोय झाली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोंपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. नातवंडांस फराळासोबत पुस्तकेही धाडणाऱ्यांनी ती त्याच खोक्यात न कोंबता या मार्गाने धाडावी.

आता मुख्य उपाय. पाच लिटरांच्या डब्यात जो जिन्नस एक किलोहून कमी मावतो तो 'जागेचा', अधिक मावतो तो 'भाराचा', ही खूण गृहिणींनी ध्यानी ठेवावी. चकली जागेची, लाडू भाराचा. दोन्ही एकत्र गेल्यास एकमेकांची उणीव भरून निघते. दुसरे, खोक्याच्या मापात थोडी वाढही क्षुल्लक समजू नये. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त खातव्यवहाराचे गणित सांगितले आहे, ते येथे उपयोगी पडते. प्रत्येक बाजू ३० ची ३३ झाली, तर घनफळ २७,००० वरून ३५,९३७ होते. बाजू एक दशांश वाढली, हशिलाचे वजन तृतीयांशाने!

आम्ही फराळ पुन्हा बांधला. चकल्या गोल डब्यात उभ्या रचल्या, लाडू चौकोनी डब्यात घातले, आणि दोन डब्यांमधील सांदीत चिवड्याच्या मऊ पिशव्या बसविल्या. बोळ्यांचे काम चिवड्याने केले. ३० × २५ × २२ चे खोके पुरले. घनफळी वजन ३ किलो ३०० ग्रॅम, प्रत्यक्ष वजनही तेवढेच. आकार लागला साडेतीन किलोंचा. पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी!

मात्र काटकसर व कृपणता यांतील भेद विसरू नये. चारी बाजूंस बोटभर मऊ थर हवाच. तो वाचवू गेल्यास चकल्यांऐवजी भाजणीचा चुरा पोचेल.

पात्रापात्रविवेक शास्त्रकारांनी दानाच्या संदर्भात सांगितला. दान घेणारी नातवंडे तर सदैव सत्पात्रच. विवेक करावयाचा तो दान ज्यात जाते त्या पात्राचा. यंदाच्या दिवाळीस आमच्या घरी फराळाआधी खोके मापले जाईल, आणि पाठविणे बंद करण्याचा तो निकाल रद्द झाला आहे, हे सांगावयास आम्हांस संतोष वाटतो.