घरी एडिट केलेला व्हिडिओ टीव्हीवर का चालत नाही?

प्रदर्शनात स्टॉल घेतलाय, भाडं भरलंय आणि ऐनवेळी टीव्ही व्हिडिओ उघडतच नाही! गिऱ्हाईक काही थांबत नाही.

लॅपटॉप जवळपास सगळे फॉरमॅट चालवतो, टीव्ही मोजकेच. म्हणून एक्सपोर्ट करताना एमपी४, एच.२६४, आवाज एएसी, १९२० बाय १०८० आणि बिटरेट १० एमबीपीएस ठेवा. मिनिटाला साधारण ७५ एमबी लागतील.

३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. आधीचा डेटा काढून ठेवा आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. जुने टीव्हीही तो सहसा वाचतात. मात्र त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

ज्या टीव्हीवर दाखवायचाय, त्याच टीव्हीवर आदल्या दिवशी पूर्ण व्हिडिओ चालवून बघा. आवाजही तपासा. मग रिपीट लावा आणि तुम्ही निवांत गिऱ्हाइकाशी बोला!