सब्जाचा सुगंध आणि नव्या वाणांचा शोध

फालुद्यात घातले जाणारे सब्जाचे बी सर्वांच्या परिचयाचे आहे. हे बी देणारी वनस्पती तुळशीच्या वर्गातील असून तिची पाने ‘बेसिल’ या नावाने जगभरातील स्वयंपाकात वापरली जातात. मात्र दिसायला सारख्या असणाऱ्या दोन रोपांचा सुगंध पूर्णतः भिन्न असू शकतो. नवे वाण विकसित करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हीच बाब महत्त्वाची ठरते.

सब्जाच्या पानांवरील सूक्ष्म ग्रंथींमध्ये सुगंधी तेल साठलेले असते. ताज्या पाल्यातील त्याचे प्रमाण सामान्यतः एक टक्क्याहूनही कमी असते. या तेलात लिनालूल अधिक असल्यास फुलांसारखा गंध येतो, मिथाइल चॅविकॉल अधिक असल्यास बडीशेपेसारखा, तर युजेनॉलमुळे लवंगेसारखा गंध येतो. हे गुणधर्म बऱ्याच अंशी आनुवंशिक असतात. मात्र ऋतू आणि कापणीची वेळ यांचाही तेलावर परिणाम होतो. म्हणून सर्व रोपे एकाच ठिकाणी वाढवून, वाढीच्या एकाच अवस्थेत कापली जातात. त्यानंतर वाफेच्या साहाय्याने तेल काढून गॅस क्रोमॅटोग्राफीद्वारे त्यातील घटक वेगळे करून मोजले जातात. या मोजणीच्या आधारेच पुढील पिढीसाठी रोपांची निवड होते.

लखनौ येथील केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्थेने या पद्धतीने अनेक वाण विकसित केले आहेत. ‘सिम-सौम्या’ या वाणाच्या तेलात मिथाइल चॅविकॉल आणि लिनालूल हे प्रमुख घटक आहेत. ‘सिम-सुरभी’ लिनालूलसाठी, तर ‘सिम-स्निग्धा’ मिथाइल सिनॅमेटसाठी ओळखले जाते.

केवळ तेलाचा उतारा वाढविणे पुरेसे नाही, असे का म्हटले जाते? मिथाइल चॅविकॉलला सुगंधी द्रव्यांच्या उद्योगात मागणी आहे. परंतु या घटकाच्या मोठ्या मात्रेमुळे उंदरांच्या यकृतात गाठी होत असल्याचे प्रयोगांत आढळले आहे. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमावलीनुसार हा घटक शुद्ध स्वरूपात खाद्यपदार्थांत मिसळता येत नाही. स्वयंपाकात चवीपुरती पाने वापरण्यास मात्र त्यामुळे मनाई होत नाही. तरीही खाद्य उपयोगाच्या वाणात या घटकाचे प्रमाण कमी असणे इष्ट मानले जाते.

वाण तयार झाल्यानंतर त्याची शुद्धता टिकविणे हेही मोठे आव्हान असते. पुदिन्याची लागवड मुळाशी फुटणाऱ्या फुटव्यांपासून होत असल्याने त्याच्या तेलाचे गुण कायम राहतात. सब्जाची लागवड मात्र बियांपासून होते आणि मधमाश्यांमुळे शेजारच्या शेतातील वाणाशी त्याचा सहज संकर होतो. असे बी पुन्हा पेरल्यास पीक जोमदार दिसूनही तेलाचा गंध बदलतो आणि खरेदीदार ते नाकारू शकतो. म्हणून बियाण्याचे क्षेत्र इतर वाणांपासून दूर ठेवणे, तसेच खात्रीच्या ठिकाणाहूनच बियाणे घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे.